व्यापारी नभोवाणी आणि वर्धा

ज्या गोष्टीचा इतिहास सांगावयाचा, ती गोष्ट निदान अस्तित्वात तरी असावी, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते आणि ती वाजवी आहे. आम्ही आज ज्या विषयावर बोलणार आहोत, त्याचा इतिहास मात्र वर्ध्यात थोडा आणि वर्ध्याबाहेर फार घडला आहे. २८ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने देशातील २३४ नव्या शहरांत ७३० खासगी एफ.एम. वाहिन्यांचा लिलाव करण्यास मान्यता दिली. त्या शहरांच्या यादीत चंद्रपूर, यवतमाळ, गोंदिया, अचलपूर यांच्या जोडीला वर्ध्याचेही नाव आहे. यादीत नाव येणे म्हणजे केंद्र सुरू होणे नव्हे, हे आम्ही जाणतो. पण घर बांधावयास घेण्यापूर्वी शहाणा मनुष्य गावातील जुनी घरे पाहून येतो. कोणाच्या भिंतीला ओल आली आणि कोणाचे छप्पर टिकले, हे समजून घेतो. तेवढेच आजचे प्रयोजन आहे.

वर्ध्याचा आणि नभोवाणीचा संबंध काहीसा चमत्कारिक आहे. १९३४ नंतर या गावात जे बोलले गेले, ते देशाने कान देऊन ऐकले. १९३७ ची राष्ट्रीय शिक्षणाची योजना येथे मांडली गेली आणि तिला नावच 'वर्धा योजना' असे पडले. १४ जुलै १९४२ रोजी इंग्रजांनी चालते व्हावे असा ठराव काँग्रेसच्या कार्यकारिणीने येथेच केला. सेवाग्रामच्या झोपडीतील माणसाशी बोलता यावे म्हणून व्हाइसरॉयला तेथे दूरध्वनीची तार ओढावी लागली; ते यंत्र आश्रमात जपून ठेवलेले आहे. वर्धा बोलत होते आणि दिल्ली ऐकत होती. नभोवाणीच्या बाबतीत हे नाते उलटे झाले. मुंबई बोलली, नागपूर बोलले, कोलंबो बोलले आणि वर्ध्याने ऐकले. हे ऐकणे कसे घडत गेले, तोच आमच्या कथेचा धागा आहे.

आपल्याकडे नभोवाणी सरकारने आणली असा पुष्कळांचा समज असतो. तो खरा नाही. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईचे केंद्र व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते सुरू झाले, ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी या खासगी मंडळीचे होते. महिनाभराने तिने कलकत्त्यालाही केंद्र काढले. घरी यंत्र ठेवावयाचे तर वर्षाला दहा रुपये परवान्याचे भरावे लागत आणि त्यातला मोठा भाग कंपनीला मिळे. पण यंत्र महाग, लहरींचा पल्ला तोकडा आणि परवाना घेणारे मूठभर. तीन वर्षे होण्यापूर्वीच कंपनी बुडाली आणि १९३० साली सरकारने केंद्रे आपल्याकडे घेतली. १९३६ मध्ये त्या खात्याला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळाले. म्हणजे या देशात नभोवाणीचा पहिला प्रयत्न व्यापाऱ्याने केला आणि तो फसला म्हणून ती सरकारी झाली. पुढे सहा दशके ती सरकारीच राहिली. ते तत्त्व म्हणून राहिली की सवय म्हणून, हा प्रश्न पुष्कळ उशिरा विचारला गेला.

सरकारच्या हाती एकदा लहरी गेल्या की काय होते, हे १९४२ ने दाखविले. वर्ध्याच्या ठरावानंतर मुंबईत चळवळ पेटली. वृत्तपत्रांची तोंडे बंद झाली आणि नभोवाणी तर सरकारचीच होती. तेव्हा उषा मेहता आणि त्यांचे सहकारी यांनी ऑगस्टमध्ये गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. जागा बदलत बदलत तो चालला आणि १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी पकडला. पुढे बरोबर पाच वर्षांनी, १२ नोव्हेंबर १९४७ रोजी, गांधीजी दिल्लीच्या नभोवाणी केंद्रात गेले. कुरुक्षेत्राच्या छावणीतील निर्वासितांपर्यंत त्यांना प्रत्यक्ष जाता येत नव्हते, म्हणून ते ध्वनिक्षेपकासमोर बसले. नभोवाणी केंद्रात ते आयुष्यात एवढे एकदाच गेले. ज्या यंत्रावर गुप्तपणे बोलल्याबद्दल पाच वर्षांपूर्वी तुरुंग मिळे, तेच यंत्र आता दुःखिताला धीर देऊ लागले. यंत्र तेच, ते कोणाच्या हाती आहे आणि कशासाठी आहे, एवढाच फरक.

१६ जुलै १९४८ रोजी नागपूरचे केंद्र सुरू झाले आणि विदर्भाला आपल्या बोलीच्या जवळचा आवाज पेटीतून ऐकू येऊ लागला. मध्यम लहरी जमिनीला धरून दूरवर जातात. त्यामुळे नागपूर ते वर्धा हे सुमारे पाऊणशे किलोमीटरांचे अंतर त्यांना जड नव्हते. शेतीची माहिती, कीर्तन, बातम्या, नाट्यसंगीत, मुलांचे कार्यक्रम, सारे ह्या केंद्राने दिले. त्याचे ऋण आम्ही नाकारीत नाही. परंतु त्या काळच्या नभोवाणीचा स्वभाव शाळामास्तराचा होता हेही खरे. मुलाला काय आवडते हे विचारण्याची मास्तरांना गरज वाटत नाही. काय आवडावे, ते त्यांना ठाऊक असते. हार्मोनियम हे आपल्या रागसंगीताला न मानवणारे वाद्य आहे अशा विचाराने १९४० पासून नभोवाणीवर त्याला मज्जाव होता. ज्या महाराष्ट्राचे संगीत नाटक पायपेटीवर उभे राहिले, त्याला हे ऐकून काय वाटले असेल, ते सांगावयास नको.

१९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे नभोवाणीमंत्री झाले. ते पुण्याचे, व्यासंगी आणि शास्त्रीय संगीताचे निस्सीम अभिमानी. १९६२ पर्यंत ते त्या जागी होते आणि रागसंगीताला त्यांनी जे स्थान दिले, त्याबद्दल अनेक गवई त्यांचे ऋणी राहिले. पण चित्रपटगीतांविषयी त्यांचे मत फार प्रतिकूल होते. गीतांची वेळ घटविण्यात आली. गाण्याबरोबर चित्रपटाचे नाव सांगितले तर ती जाहिरात होते म्हणून नाव सांगणे बंद झाले. निर्मात्यांनी रागावून आपल्या गाण्यांची परवानगीच काढून घेतली. हेतू वाईट होता असे आम्ही म्हणणार नाही. पण ज्या घरात ताटावर फक्त पथ्याचेच वाढले जाते, त्या घरातली मुले शेजारी जेवावयास जातात.

तो शेजारी होता सिलोन. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज लष्कराने कोलंबोला एक बलवान प्रक्षेपक उभारला होता. युद्ध संपले, यंत्र उरले आणि रेडिओ सिलोनने त्याचा उपयोग व्यापारी सेवेसाठी केला. लघुलहरी आकाशातील वरच्या थरावर आदळून शेकडो कोस दूर उतरतात. त्यामुळे कोलंबोचे गाणे विदर्भातल्या खेड्यात पोहोचे. ३ डिसेंबर १९५२ रोजी 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. दंतमंजन विकणाऱ्या कंपनीचा तो कार्यक्रम. सादर करणारे अमीन सायानी. मुंबईत ध्वनिमुद्रण होई, फीत विमानाने कोलंबोला जाई आणि तेथून आवाज फिरून हिंदुस्थानात येई. आमच्या पिढीच्या घरोघरी बुधवारी रात्री आठ वाजता कोणी मोठ्याने बोललेले खपत नसे. मुंबईहून निघालेला आवाज मुंबईच्या शेजारच्या गावी पोहोचण्यासाठी समुद्र ओलांडून जातो आणि परत येतो, हे सरकारी मक्तेदारीवरचे त्या काळचे सर्वांत बोलके भाष्य होते.

यात वर्धेकरांनी विशेष लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट आहे. अमीन सायानींच्या मातोश्री कुलसुम सायानी ह्या साक्षरतेच्या कार्यकर्त्या. गांधीजींच्या प्रेरणेने त्या 'रहबर' नावाचे पत्र चालवीत. नव्याने वाचावयास शिकलेल्यांसाठी, सोप्या हिंदुस्थानीत आणि देवनागरी, उर्दू व गुजराती अशा तीन लिप्यांत ते निघे. तरुण अमीन या कामात आईला मदत करीत. जी सोपी, कोणालाही परकी न वाटणारी हिंदुस्थानी सर्वांची व्हावी म्हणून गांधीजींनी १९४२ मध्ये हिंदुस्थानी प्रचार सभा स्थापन केली, तीच भाषा पुढे या तरुणाच्या तोंडून घरोघरी गेली. तिला घेऊन गेली एक दंतमंजनाची जाहिरात! प्रचारसभांनी जे काम निष्ठेने केले, त्यालाच एका दुकानदाराच्या पैशाने असा हातभार लागला. व्यापार म्हटला की नाक मुरडणाऱ्यांनी या योगायोगाचा थोडा विचार करावा.

आणखीही एक गोष्ट झाली. गीतमालेतील गाण्यांचा क्रम ठरविताना ध्वनिमुद्रिकांच्या दुकानांतील विक्री आणि गावोगावच्या श्रोता संघांची पत्रे यांचा आधार घेतला जाई. म्हणजे श्रोत्याला प्रथमच विचारले गेले, "बाबा, तुला काय आवडते?" छोटानागपूरच्या डोंगराळ मुलखातील झुमरी तिलैया हे गाव फर्माइशीच्या पोस्टकार्डांनीच देशाला माहीत झाले. ज्या गावाला स्वतःचे केंद्र नव्हते, त्याने दुसऱ्याच्या केंद्रावर आपले नाव घेववले. ऐकणाऱ्या गावालाही बोलता येते, फक्त त्याने पत्र टाकले पाहिजे.

हे केवळ आपल्याकडेच घडले असे नाही. अमेरिकेत क्लीव्हलंड शहरी एका तबकड्यांच्या दुकानदाराच्या ध्यानात आले, की निग्रो म्हणून ज्यांना तेव्हा वेगळे ठेवले जाई त्या कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या तबकड्या गोरी मुले मोठ्या हौसेने विकत घेत आहेत. त्याने आपल्या ओळखीच्या निवेदकाला, अॅलन फ्रीडला, हे संगीत रात्री वाजविण्याची गळ घातली आणि कार्यक्रमाचा खर्च स्वतः उचलला. हे १९५१ साल. या संगीताला 'रॉक अँड रोल' हे नाव रूढ करण्यात फ्रीडचा मोठा वाटा आहे. पुढे केवळ रॉक संगीत वाजविणारी व्यापारी केंद्रे गावोगाव निघाली, त्यांचे मूळ अशा कार्यक्रमांत आहे. जे संगीत रंगाच्या भिंतीमुळे एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत जात नव्हते, ते नभोवाणीच्या लहरींवर भिंतीवरून गेले. भिंत आहे हे विद्वानांना ठाऊक होते. तिच्यात फट पडली आहे, हे प्रथम दुकानदाराला कळले.

पण त्याच फ्रीडची पुढची कथाही सांगितली पाहिजे, नाहीतर आम्ही व्यापाऱ्याचे भाट ठरू. तबकड्यांच्या कंपन्या निवेदकांना गुपचूप पैसे देऊन आपली गाणी वाजवून घेत, हे १९५९ मध्ये उघडकीस आले. अमेरिकेच्या काँग्रेसने चौकशी केली, फ्रीडची नोकरी गेली आणि पुढे त्याने न्यायालयात गुन्हा कबूल केला. श्रोत्याला वाटत होते की आपल्या आवडीचे गाणे लागते आहे. प्रत्यक्षात ज्याने पैसे मोजले त्याचे लागत होते. सरकारी नभोवाणी तुमची आवड विचारीत नाही, हा तिचा दोष. व्यापारी नभोवाणी तुमची आवड विचारते आणि मग ती विकते, हा तिचा दोष. दोन्ही दोष ओळखून असावे.

इंग्लंडातही आपल्यासारखेच झाले. बी.बी.सी. तरुणांचे संगीत फार थोडे वाजवी. १९६४ च्या ईस्टरला किनाऱ्यापासून दूर समुद्रात उभ्या केलेल्या जहाजावरून रेडिओ कॅरोलाइन हे केंद्र सुरू झाले आणि मुलांचे कान तिकडे वळले. ऑगस्ट १९६७ मध्ये कायदा करून सरकारने ही जहाजी केंद्रे बेकायदा ठरविली. आणि ३० सप्टेंबर १९६७ रोजी बी.बी.सी.ने स्वतःच तसली वाहिनी सुरू केली, जहाजांवरचे काही निवेदक नोकरीला घेऊन! ज्याला दारातून हाकलले, त्यालाच खिडकीतून आत घेतले.

आपल्या सरकारनेही हेच केले. सिलोनकडे गेलेला श्रोता परत यावा म्हणून ३ ऑक्टोबर १९५७ रोजी 'विविध भारती' सुरू झाली. केसकरांच्याच कारकिर्दीत चित्रपटगीत सन्मानाने परत आले, हे त्यांच्याही मोठेपणाचे लक्षण मानावे. दहा वर्षांनी पुढचे पाऊल पडले. चंदा समितीने जाहिराती घेण्याची शिफारस केली होती. त्यानुसार १ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबई, पुणे आणि नागपूर येथे विविध भारतीवर व्यापारी प्रसारण सुरू झाले. ध्यानात घ्या, लंडनच्या त्या घटनेनंतर जेमतेम महिन्याने. देशातील व्यापारी आकाशवाणीचा आरंभ ज्या तीन शहरांत झाला, ती तिन्ही महाराष्ट्रातली आणि त्यातले एक आपल्या शेजारचे, हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही. त्याच सुमारास ट्रांझिस्टर स्वस्त होत होता. दिवाणखान्यातील पेटी शेतकऱ्याच्या बैलगाडीवर आणि विद्यार्थ्याच्या उशाशी आली. वडीलधाऱ्यांच्या देखत ऐकण्याची वस्तू एकट्याने ऐकण्याची झाली; तरुणांची निराळी आवड वाढली, तिला हेही कारण आहे.

यानंतरची हकीकत थोडक्यात सांगतो. १८ मे १९८८ रोजी आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली. तिचा १००० किलोवॉटचा प्रक्षेपक नागपूरचा. रात्रभर देशाला ऐकू जाणारा आवाज आपल्या अंगणातून निघत होता. २०१९ मध्ये ती वाहिनी बंद करण्यात आली. दरम्यान काळ एफ.एम.कडे वळला होता. १९९३ मध्ये मुंबई-दिल्लीच्या एफ.एम. वाहिनीवरील काही वेळ खासगी मंडळींना देण्यात आला. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेटच्या प्रसारणाच्या वादातून निघालेल्या खटल्यात एक मोठे तत्त्व सांगितले. न्यायमूर्ती पी. बी. सावंत हे त्या पीठावर होते. आकाशातील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तिच्यावर सरकारची मक्तेदारी नसावी, आणि मूठभर धनिकांचीही नसावी, असा त्या निर्णयाचा आशय. जुलै २००१ मध्ये बंगळूरला पहिले खासगी एफ.एम. केंद्र सुरू झाले आणि २००५ च्या धोरणानंतर नागपुरातही खासगी वाहिन्या आल्या.

येथे एक भौतिक सत्य आडवे आले. एफ.एम. लहर स्वच्छ असते, पण ती सरळ जाते. मनोऱ्यावरून नजर पोहोचेल साधारण तेवढाच तिचा पल्ला. मध्यम लहरींच्या काळात नागपूरचे केंद्र वर्ध्याचेही होते. एफ.एम.च्या काळात नागपूरचे केंद्र नागपूरचे झाले. आवाज सुधारला आणि पल्ला आखडला. म्हणूनच ज्याला त्याला आपल्या गावचे केंद्र हवे झाले, आणि म्हणूनच लाखभर वस्तीच्या वर्ध्याचे नाव त्या यादीत आले.

आता प्रश्न असा की उद्या असे केंद्र झालेच, तर त्याच्याकडे कोणत्या दृष्टीने पाहावे? आमच्या मते उत्तर याच गावात आहे. शेठ जमनालाल बजाज व्यापारी होते; व्यापार सोडून ते मोठे झाले नाहीत, व्यापारातले धन विश्वस्ताच्या नात्याने वापरून मोठे झाले. वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर त्यांच्या घराण्याने बांधले होते. १९२८ साली त्यांनी ते अस्पृश्य मानलेल्यांना खुले केले. मंदिर बांधणारा व्यापारी, पण देव सर्वांचा, हे त्यांनी कृतीने दाखविले. केंद्र बांधील तोही व्यापारी असेल. पण लहर सर्वांची आहे, असे न्यायालयाने सांगून ठेवलेले आहे. तेव्हा त्याने दार कोणाकोणाला उघडले, एवढेच गावाने पाहावयाचे.

हे पाहण्याची काही साधी गमके आहेत. खासगी केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही. आकाशवाणीच्या बातम्या मात्र ती जशाच्या तशा देऊ शकतात. पण पाऊस, वाहतूक, पाणीपुरवठा, परीक्षांचे निकाल अशी स्थानिक माहिती देण्यास आडकाठी नाही. मग हिंगणघाटच्या शेतकऱ्याला उद्या पाऊस येईल की नाही, हे ते केंद्र सांगते काय? आर्वी, पुलगाव, समुद्रपूरकडील बोली त्यावर ऐकू येते, की मुंबईत भरलेली गाण्यांची फीत येथे नुसती फिरते? १९५६ मध्ये पुणे केंद्राच्या परिसरातील पाच जिल्ह्यांत सुमारे दीडशे गावांनी शेतकी श्रोतृमंडळांचा प्रयोग केला होता. कार्यक्रम ऐकावयाचा, त्यावर चर्चा करावयाची आणि शंका केंद्राला लिहून कळवावयाच्या, अशी त्याची रीत होती. केंद्र गावाचे झाले की नाही, हे मनोऱ्याच्या उंचीवरून नव्हे, तर गावाकडून केंद्राकडे काय जाते यावरून कळते.

शेवटी एक शब्द आम्हां वडीलधाऱ्यांसाठी. महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत गिटार घेऊन उभी राहणारी मुले आपण पाहतो आणि तो गोंगाट ऐकून कानांवर हात ठेवतो. उद्याच्या केंद्रावर रात्री तासभर त्यांचे रॉक संगीत लागले, तर पहिले तक्रारीचे पत्र बहुधा आपल्यापैकीच कोणी लिहील. लिहिण्यापूर्वी त्याने एवढे आठवावे, की बुधवारी रात्री दार लोटून, आवाज बारीक करून, खरखरीतून कोलंबोचा सूर शोधणारे आपणच होतो. आणि त्या वेळी आपल्याला नावे ठेवणारेही सज्जन होते, विद्वान होते आणि संगीताचे जाणकार होते. ते चुकले ते संगीतात नव्हे. समोरच्याला काय आवडते हे विचारावयास ते विसरले, एवढेच.